रॅम वाढवली आणि मेमरी कमी पडली: पेज टेबलांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी दूध संघांसाठी संकलनाची प्रणाली चालवते. गावच्या डेअरीवर सकाळ-संध्याकाळ दूध आलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आणि दर यांची नोंद होते आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. त्यामुळे महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला मागच्या दहा दिवसांच्या सगळ्या नोंदी, उचल, पशुखाद्याची वजावट, जुन्या बाक्या असं सगळं एकदम वाचलं जातं. एरवी सर्व्हर निवांत असतो. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि आकडे सोयीसाठी गोळाबेरीज केले आहेत.)

सगळा डेटा एका मोठ्या लिनक्स सर्व्हरवर, पोस्टग्रेस १५ या डेटाबेसमध्ये. ॲप्लिकेशनच्या २० प्रती चालायच्या, प्रत्येकीचा ४० कनेक्शनचा पूल (उघडून ठेवून पुन्हा पुन्हा वापरायचा साठा), म्हणजे एकूण ८०० कनेक्शन कायम उघडी. पोस्टग्रेसमध्ये एका कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे एक वेगळा चालू प्रोग्रॅम, असते. या एका गोष्टीवर पुढचं सगळं प्रकरण उभं आहे.

घटनेच्या काही आठवडे आधी सर्व्हर वाढवला होता. रॅम १२८ जीबीवरून १९२ जीबी केली आणि त्याच दमात शेअर्ड बफर्स ३२ जीबीवरून ६४ जीबीवर नेले. शेअर्ड बफर्स म्हणजे डेटाबेसची सगळ्या प्रोसेसनी मिळून वापरायची मेमरी. रॅमच्या एक तृतीयांश. अवाजवी म्हणावं असं त्यात काही नव्हतं. लोड टेस्ट पास झाली, सगळे खूश.

अडचण

पहिल्याच मोठ्या बिलाच्या दिवशी, ११ तारखेला दुपारी, डेटाबेस पडला. कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ओओएम, म्हणजे आउट ऑफ मेमरी, किलरची नोंद होती: मेमरी संपली म्हणून कर्नेलने पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली. एक प्रोसेस मेली तर बाकीच्या ७९९ चालू राहायला हव्यात असं वाटतं, पण पोस्टग्रेस तसं करत नाही. एखादी प्रोसेस अशी अचानक मारली गेली, तर तिने शेअर्ड मेमरी अर्धवट अवस्थेत सोडली असेल हे गृहीत धरून मुख्य प्रोसेस सगळ्यांनाच बंद करते आणि क्रॅश रिकव्हरी सुरू होते. वर ८०० कनेक्शन एकाच वेळी परत जोडायला येतात. बिलं अर्धी राहिली, संघांचे फोन सुरू झाले.

संशय सरळ बिलाच्या क्वेरींवर गेला, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. मोठे सॉर्ट, मोठे जॉइन, प्रत्येकाला आपापली वर्किंग मेमरी. टीमने वर्क मेमची, म्हणजे या वर्किंग मेमरीची, मर्यादा अर्धी केली आणि बिलं तालुक्यावार तुकड्यांत काढायचं ठरवलं. २१ तारखेला सर्व्हर पुन्हा पडला, फक्त दोन-अडीच तास उशिरा.

त्या उशिरातच खरं तर इशारा होता. भार एका वेळी कमी केला तरी शेवटी तो तेवढाच साचत होता. क्वेरी संपली की तिची वर्किंग मेमरी परत जाते. इथे काहीतरी परत जात नव्हतं.

लॉगमध्ये होतं ते

दुसऱ्या घटनेनंतर मी त्या टीमबरोबर बसलो. ओओएम किलर मारण्याआधी मेमरीचा पूर्ण ताळेबंद लॉगमध्ये छापतो, पण तो वाचायला किचकट असतो. सगळ्यांचं लक्ष प्रोसेसच्या यादीतल्या आरएसएस (प्रोसेसची रॅममध्ये असलेली मेमरी) या रकान्याकडे जायचं. तिथे प्रत्येक पोस्टग्रेस प्रोसेससमोर साठ जीबीच्या आसपास दिसायचं. ऑन-कॉलवर असलेला मुलगा डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) बाईंना म्हणाला ते बरोबरच होतं: "मॅडम, ८०० गुणिले ६० म्हणजे ४८ टीबी होतात. या रकान्यावर विश्वास ठेवायचा कसा?" शेअर्ड मेमरी प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते, त्यामुळे तो रकाना दुर्लक्षित करायची सवय सगळ्यांना लागलेली होती. मग त्याच्या शेजारचा रकानाही नजरेतून सुटला. तिथे प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलांनी, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यांनी, किती बाइट घेतले ते दिलेलं होतं आणि बहुतेक ओळींत आकडा तेरा कोटींच्या घरात होता.

वरच्या सारांशात 'पेजटेबल्स' नावापुढे २४११७२४८ असा आकडा होता. एकक काहीच नाही. ज्याने तो पाहिला त्याने केबी समजून २३ जीबी असा अर्थ लावला आणि 'जरा जास्तच आहे' म्हणून पुढे गेला. तो आकडा ४ केबीच्या पेजेसचा (कर्नेल मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा) असतो. म्हणजे ९२ जीबी. १९२ जीबीच्या यंत्रात ९२ जीबी नुसती पत्त्यांच्या तक्त्यांवर गेली होती.

कर्नेल पत्ते कसे सांभाळतो

इथे थोडं थांबायला हवं. नेहमीच्या ६४ बिट इंटेल-एएमडी यंत्रावर पत्ता प्रत्यक्षात ४८ बिटांचा असतो. त्यातून २५६ टीबी एवढा आभासी, म्हणजे प्रोग्रॅमला दिसणारा, विस्तार मिळतो. निम्मा कर्नेलकडे राहतो आणि निम्मा, म्हणजे १२८ टीबी, प्रत्येक प्रोसेसला. हे नुसतं आश्वासन आहे. कोणता आभासी पत्ता रॅममधल्या कोणत्या पेजवर जातो याची नोंद ८ बाइटची असते. १२८ टीबीसाठी ४ केबीच्या प्रत्येक पेजची नोंद सरसकट मांडली, तर एका प्रोसेसचा तक्ताच २५६ जीबीचा होईल.

म्हणून तक्ता झाडासारखा चार पायऱ्यांत असतो. प्रत्येक पायरीवर ४ केबीचं एक टेबल, त्यात ५१२ नोंदी. पत्त्याचे ९-९ बिट एकेक पायरी उतरायला वापरले जातात आणि उरलेले १२ पेजमधली जागा दाखवतात. न वापरलेल्या विस्ताराची फांदी तयारच होत नाही, त्यामुळे रिकामा पत्ताविस्तार कितीही मोठा असला तरी जवळजवळ फुकट असतो. पैसे मोजावे लागतात ते हात लावलेल्या पेजेसचे. हिशोब सोपा आहे: ५१२ पेजेसना, म्हणजे २ एमबी मेमरीला, ४ केबीचं एक टेबल. जेवढी मेमरी मॅप केली तिचा ५१२ वा भाग. ६४ जीबीला १२८ एमबी.

एका प्रोसेसला १२८ एमबी म्हणजे काहीच नाही. पण मेमरी सामायिक असली तरी लिनक्समध्ये तिची पेज टेबलं सामायिक नसतात. ती प्रत्येक प्रोसेसची वेगळी. जमीन एकच आणि आठशे हिस्सेदारांनी प्रत्येकी पूर्ण नकाशा काढून घरी ठेवलाय, असा प्रकार. ८०० गुणिले १२८ एमबी बरोबर १०० जीबी. एकाच प्रोसेसमध्ये थ्रेडवर (तीच मेमरी वापरणाऱ्या समांतर कामांवर) चालणाऱ्या डेटाबेसला ही अडचण येत नाही, कारण सगळे थ्रेड एकाच तक्त्यावर असतात. सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अशा शेअर्ड मेमरीची टेबलंही वाटून घेण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. आमच्या कर्नेलमध्ये साध्या ४ केबीच्या पेजेससाठी तशी काही नव्हती.

आता रॅम वाढवण्याचा हिशोब मांडा. आधी: १२८ जीबीतून शेअर्ड बफर्सचे ३२ आणि टेबलांचे जास्तीत जास्त ५० वजा जाऊन बाकीच्यांसाठी ४६ जीबी. नंतर: १९२ मधून ६४ आणि १०० गेले की उरतात २८. रॅम ६४ जीबीने वाढली आणि वापरायला मिळणारी जागा १८ जीबीने घटली. बैठकीत हे फळ्यावर लिहिल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

कुणीतरी विचारलं की नवीन सर्व्हरवर पाच पायऱ्यांची पेज टेबलं असतात, त्याचा तर हा परिणाम नाही ना. नाही. पाचवी पायरी लिनक्समध्ये २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत आली. तिने पत्ता ५७ बिटांचा होतो, पण एका प्रोसेसमागे जेमतेम एखादं टेबल वाढतं. सगळा भार सर्वांत खालच्या पायरीवर असतो. (शिवाय ती असली तरी ४७ बिटांपलीकडचा पत्ता कर्नेल मागितल्याशिवाय देत नाही. काही प्रोग्रॅम पॉइंटरच्या रिकाम्या बिटांत स्वतःच्या खुणा दडवतात. ते मोडू नयेत म्हणून.)

लोड टेस्टला का दिसलं नाही

फोर्क करताना, म्हणजे एका प्रोसेसमधून नवी काढताना, कर्नेल शेअर्ड मेमरीची टेबलं नव्या प्रोसेसकडे उतरवत नाही. ती गरजेनुसार परत उभी करता येतात म्हणून सोडून देतो. नवं कनेक्शन म्हणूनच अगदी हलकं असतं. प्रोसेस ज्या पेजला पहिल्यांदा हात लावेल तेव्हा फॉल्ट होतो (प्रोसेसर कर्नेलला बोलावतो) आणि नोंद भरली जाते. नंतर मात्र ती नोंद राहते. पेज टेबलं स्वॅपमध्ये (डिस्कवर) जात नाहीत आणि प्रोसेस मरेपर्यंत किंवा मॅपिंग काढेपर्यंत सहसा सुटत नाहीत.

कर्नेलची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएमपीटीई नावाची ओळ असते, तिच्या पेज टेबलांचा आकार सांगणारी. डीबीए बाईंनी दोन प्रोसेस शेजारी उघडल्या. एक नुकतीच जोडलेली: काहीशे केबी. दुसरी गेल्या रीस्टार्टपासून चालू, बिलाच्या धावपळीतून गेलेली: १२७ एमबी. दोघी त्याच डेटाबेसशी, तेच काम करणाऱ्या.

लोड टेस्टमधली कनेक्शन दर फेरीला नवी उघडली जायची. प्रत्यक्षातला पूल ती दिवसेंदिवस जिवंत ठेवत होता. एरवी दिवसाला एक कनेक्शन बफर्सचा थोडाच भाग पाहतं. बिलाच्या दिवशी मात्र सगळी कनेक्शन सगळ्या डेटावरून फिरतात. तुकडे तालुक्यावार केल्याने शिखर पुढे ढकललं गेलं, एवढंच.

तपासलेले पर्याय

शेअर्ड बफर्स परत ३२ जीबीवर आणणं हा सर्वांत सोपा. एक रीस्टार्ट आणि टेबलांचा बोजा निम्मा. पुढची १ तारीख जवळ होती, म्हणून तो तात्पुरता उपाय म्हणून लगेच केला. त्यावर फारशी चर्चा झाली नाही आणि व्हायची गरजही नव्हती.

कनेक्शनचं आयुष्य मर्यादित करणं हा दुसरा. अर्ध्या तासाने पूलने कनेक्शन बंद करून नवं उघडायचं. प्रोसेस मेली की टेबलं सुटतात. एरवीच्या दिवशी याचा छान उपयोग, पण बिलाच्या दिवशी अर्ध्या तासात टेबलं पुन्हा भरतात. ठेवला, पण त्यावर विसंबलो नाही.

कनेक्शनच कमी करणं, मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे कनेक्शन एकेका व्यवहारापुरतं देत, बसवून. माझ्या मते मूळ दुखणं हेच होतं: ८०० कनेक्शनपैकी एका क्षणी काम करणारी थोडीच. पण ॲप्लिकेशन प्रत्येक संघासाठी सेशनवर सर्च पाथ (टेबलं कुठल्या गटात शोधायची ते) सेट करायचं आणि बिलासाठी टेम्पररी टेबलं बनवायचं. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये पुढचा व्यवहार दुसऱ्याच सेशनवर जाऊ शकतो, म्हणजे एका संघाच्या नोंदी दुसऱ्याच्या खात्यात पडायचा धोका. हा कोड बदलल्याशिवाय पूलर बसवणं हा मूर्खपणा झाला असता. काम आठवड्यांचं होतं.

"ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस तर आधीपासूनच चालू आहेत," असं एकाने दाखवून दिलं. यात कर्नेल जमेल तिथे आपणहून मोठी पेजेस देतो. सेटिंग खरंच 'ऑलवेज' होतं. पण ते प्रोसेसच्या खाजगी मेमरीसाठी. शेअर्ड मेमरीचं सेटिंग वेगळं आणि ते मुळात 'नेव्हर' असतं. ते चालू करता आलं असतं. पण मोठी पेजेस मिळतील की नाही हे त्या त्या वेळच्या मेमरीच्या अवस्थेवर ठरतं, आणि बिलाच्या दिवशी नशिबावर चालायची कुणाची तयारी नव्हती.

राहिला पर्याय राखीव ह्यूज पेजेसचा. पेज ४ केबीऐवजी २ एमबीचं घेतलं की सर्वांत खालची पायरीच गळते. ६४ जीबीला ३२,७६८ नोंदी, म्हणजे प्रोसेसमागे २५६ केबी. आठशेंना मिळून २०० एमबी. १०० जीबीच्या जागी. शिवाय प्रोसेसरच्या टीएलबीलाही (अलीकडे लागलेल्या पत्त्यांच्या छोट्या साठ्यालाही) याचा फायदा होतो: १५३६ नोंदींच्या टीएलबीत ४ केबीची पेजेस असतील तर ६ एमबी मावते, २ एमबीची असतील तर ३ जीबी. तोटा हा की राखून ठेवलेली मेमरी दुसऱ्या कुणालाच वापरता येत नाही, मग डेटाबेस बंद का असेना.

केलेली कारवाई

किती पेजेस राखायची याचं उत्तर ३२,७६८ नाही, कारण शेअर्ड मेमरीत बफर्सखेरीज त्यांची वर्णनपत्रं, लॉकची टेबलं, वॉल बफर्स (बदलांच्या लॉगसाठीची जागा) असं बरंच असतं. पोस्टग्रेस १५ पासून सर्व्हर बंद असताना नेमका आकडा विचारता येतो. तो ३३ हजारांच्या पुढे आला आणि थोडी ढील ठेवून ३४,००० ठरवला.

पहिल्यांदा ते चालू सर्व्हरवर सिसकंट्रोलने (कर्नेलची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने) मागून पाहिलं. कमांड बिनतक्रार चालली, पण मेमइन्फोत (कर्नेलच्या मेमरीच्या आकड्यांत) पाहिलं तर मागितलेल्यापेक्षा बरीच कमी पेजेस मिळालेली. आठवड्यांच्या वापराने मेमरी विखुरलेली होती आणि सलग २ एमबीचे एवढे तुकडे उरलेच नव्हते. कर्नेल अशा वेळी एरर देत नाही, मिळतील तेवढी घेतो. मग आकडा बूटच्या ओळीत लिहून रात्री रीबूट केला, तेव्हा पूर्ण मिळाली. शेअर्ड बफर्स परत ६४ जीबीवर नेले.

यापुढचा निर्णय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पोस्टग्रेसचं ह्यूज पेजेसचं सेटिंग मुळात 'ट्राय' असतं: मिळाली तर वापर, नाहीतर गुपचूप ४ केबीवर चाल. 'ऑन' केलं तर न मिळाल्यास सर्व्हर सुरूच होत नाही. ऑपरेशन्सवाले 'ट्राय'च्या बाजूने होते आणि त्यांचा मुद्दा रास्त होता: रात्री दोन वाजता डेटाबेस उठलाच नाही तर सकाळचं संकलन थांबेल. डीबीए बाईंनी उलट हिशोब मांडला. 'ट्राय'वर असताना पेजेस थोडी जरी कमी पडली, तर राखलेली ६६ जीबी तशीच पडून राहते, डेटाबेस वेगळी ६४ जीबी साधी मेमरी घेतो आणि बिलाच्या दिवशी टेबलांची १०० जीबी वर. बेरीज २३०, यंत्रात १९२. म्हणजे आधीपेक्षा वाईट, आणि तेही कळणार थेट बिलाच्या दुपारी. शेवटी 'ऑन' ठरलं, सोबत सुरू होण्याआधी पेजेस मोजून स्पष्ट भाषेत तक्रार करणारी एक छोटी स्क्रिप्ट.

परिणाम

पुढच्या बिलाच्या दिवशी मेमइन्फोमधली पेजटेबल्सची ओळ १ जीबीच्या आतच राहिली. ती प्रामुख्याने प्रोसेसच्या खाजगी मेमरीची. सुटलेली जागा फाइल कॅशने घेतली. बिलंही लवकर निघाली, पण त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते सांगणं कठीण आहे: मधल्या काळात बफर्स ३२ जीबीवर होते, तुकडे लहान होते, आणि सगळं एकाच रात्री बदललं. वेगळं मोजायचं असतं तर एकेक बदल वेगवेगळ्या दहावड्यात करायला हवा होता. तेवढी सवड नव्हती.

काही महिन्यांनी 'ऑन'चा चटका बसलाच. कनेक्शनची मर्यादा वाढवली, एक नवं एक्स्टेन्शन आलं, शेअर्ड मेमरीची गरज ३४,००० पेजेसच्या वर गेली आणि देखभालीच्या रात्री डेटाबेस सुरू व्हायला नकार देऊ लागला. स्क्रिप्टने कारण सांगितलं, आकडा वाढवून रीबूट झाला. सकाळच्या संकलनाला अडथळा आला नाही. ऑपरेशन्सवाल्यांनी नापसंती नोंदवली. ती अजूनही नोंदलेली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या घटनेच्या लॉगमध्ये उत्तर होतं. तो ताळेबंद एकदा शांतपणे, एकूण १९२ जीबी कुठे कुठे गेली अशी बेरीज करत वाचला असता, तर दुसरी घटना टळली असती. वर्क मेम कमी करण्याआधी 'मेमरी कुणाच्या नावावर आहे' हा प्रश्न विचारायला अर्धा तास पुरला असता.

मॉनिटरिंगवर वापरलेली आणि उपलब्ध मेमरी होती, पेजटेबल्स नव्हती. आता आहे. क्षमतेच्या तक्त्यातही एक ओळ आली: शेअर्ड बफर्स भागिले ५१२, गुणिले कनेक्शन. ह्यूज पेजेस असोत वा नसोत, ती भरायचीच. लोड टेस्टमध्ये कनेक्शन आता आधी सगळ्या बफर्सवरून फिरवून 'जुनी' करून घेतात आणि मग मोजमाप सुरू होतं.

एका बाबतीत माझं आणि टीमचं मत जुळलं नाही. माझ्या मते बफर्स ३२ जीबीवरच ठेवून आधी कनेक्शनचा प्रश्न सोडवायला हवा होता. ह्यूज पेजेसनी खर्च इतका खाली आला की कनेक्शन कमी करण्याचं कारणच उरलं नाही. आज ती १,२०० आहेत. तेवढ्या प्रोसेसच्या शेअर्ड मेमरीची टेबलं मिळून ३०० एमबी, म्हणजे त्या बाजूने काहीच टोचत नाही. सर्च पाथचा कोड तसाच आहे आणि पूलरचं तिकीट (कामाची नोंद) दर स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या दर फेरीला, एक ओळ खाली सरकतं.